केबलचा एक पीळ उलटा पडलाय, ४२ ओळी उसवू का?

गुंडाळी | १० डिसेंबर, रात्री १०:१५

सासऱ्यांना येत्या संक्रांतीला ७५ पूर्ण होतात. त्यांच्यासाठी हाफ स्वेटर विणायला घेतलाय. पाठ साधी सुलट, ती आठ दिवसांत झाली. पुढच्या भागावर तीन केबल (दोरीसारख्या पिळाच्या उभ्या पट्ट्या) आहेत, सहा-सहा टाक्यांच्या, दोन्ही कडांना दोन-दोन उलट टाके, दर आठव्या ओळीला पीळ. एकूण टाके ११२. बॉर्डर १० नंबरच्या सुयांवर, वरचं ८ नंबरवर. लोकर राखाडी, निम्मी ॲक्रिलिक आहे असं लेबलवर लिहिलंय.

काल रात्री आठवा पीळ घातला, स्वेटर पलंगावर पसरला आणि दारात उभी राहून कौतुकाने बघितला. तिथेच घात झाला. मधल्या केबलचा खालून तिसरा पीळ उलटा! बाकी सगळे डावीकडे झुकलेत, हा एकटा उजवीकडे. त्या संध्याकाळी मी कुकरच्या शिट्ट्या आणि ओळी एकाच तोंडाने मोजत होते, एवढंच आठवतंय. (त्या दिवशी वरणही कच्चं राहिलं होतं.)

त्या पिळाच्या वर आता ४२ ओळी आहेत. उसवायचा धीर होत नाही, आणि तसंच ठेवलं तर दुसरं काही दिसतच नाही. काय करू?

थंडोबा | १० डिसेंबर, रात्री १०:२२

४२ × ११२ = ४७०४ टाके. शुभेच्छा.

तर्रीबाज | १० डिसेंबर, रात्री १०:४०

अव माय, काहून उसवून राहिल्या? राहू द्या नं तसाच. ७५ वर्षांचा माणूस आरशात पाहून केबल मोजणार आहे का? आपल्या नागपुरात थंडी असते दीड महिना. उसवत बसल्या तर स्वेटर होईल होळीले.

विणूमावशी | १० डिसेंबर, रात्री ११:०५

पूर्ण ओळी उसवायची काही गरज नाही. चूक फक्त सहा टाक्यांत आहे, तर खाली फक्त ते सहाच उतरवायचे. बाकीचे १०६ जागेवर. मी हे आजवर चार-पाच वेळा केलंय, त्यातलं एकदा तर मुलाच्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात.

आधी वेगळ्या रंगाचा सुती दोरा बोथट सुईत ओवून घे. चुकलेल्या पिळाच्या बरोबर खालच्या ओळीतल्या सहाही टाक्यांतून तो आरपार काढ. हिलाच लाइफलाइन म्हणतात. ही नसेल तर टाके बॉर्डरपर्यंत ओघळत जातील आणि मग तू मला शिव्या देशील. मग ओळ विणत मधल्या केबलपर्यंत ये. अलीकडचे टाके एका सुईवर, पलीकडचे दुसऱ्या सुईवर, दोन्हींच्या टोकांना रबर गुंडाळ. मधले सहा टाके सोडून दे. या लोकरीला थोडी लव असते, त्यामुळे ते आपोआप धावत नाहीत. हलक्या हाताने, एकेक ओळ मोकळी करत खाली जा.

आता समोर आडव्या धाग्यांची शिडी दिसेल. उशीवर स्वेटर पसरून कडेने टाचण्या लाव. मोजे विणायच्या दुतोंडी सुया असतात त्यातल्या दोन घे, एक नंबर बारीक, म्हणजे ९ नंबरच्या. सगळ्यांत खालचा धागा आधी. त्या एका धाग्याने सहा टाके उजवीकडून डावीकडे सुलट विणायचे, की सुई सरकवून पुन्हा उजवीकडून, वरच्या धाग्याने. उलट विणायचंच नाही, कारण आपण कायम समोरूनच विणतोय. पिळाची ओळ आली की तीन टाके जादा सुईवर पुढे ठेवून पीळ घालायचा.

प्रत्येक ओळीत पहिला टाका आवळ आणि शेवटचा सैल होणारच, घाबरू नकोस. सगळं झाल्यावर क्रोशाच्या सुईच्या टोकाने सैलपणा शेजारच्या टाक्यांत वाटून द्यायचा.

थंडोबा | १० डिसेंबर, रात्री ११:१२

म्हणजे ४२ × ६ = २५२. माझ्या शुभेच्छा परत घेतो, लागणार नाहीत.

गुंडाळी | ११ डिसेंबर, सकाळी ७:५०

मावशी, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. पोटात गोळा आलाय, पण कळलं. विधिमंडळाच्या अधिवेशनामुळे सीताबर्डीच्या बाजाराकडे जायची सोय नाही, रोज मोर्चे. दुतोंडी सुया घरात नाहीत. दुसरं काही चालेल?

अजनी_पॅसेंजर | ११ डिसेंबर, सकाळी ९:३०

बांबूच्या कबाबच्या काड्या घ्या. वीतभर तुकडे करा, दोन्ही टोकं बारीक सँडपेपरने घासा, वर थोडं मेण चोळा. लोकर त्यावरून घसरत नाही, त्यामुळे या कामाला स्टीलपेक्षा बऱ्याच. आमची आई सायकलच्या तारा घासून मोजे विणायची.

मी पुरुष आहे, रेल्वेतून निवृत्त, आणि विणतो. डब्यात लोकं आधी सुयांकडे बघतात, मग माझ्या मिशीकडे. नागपूर ते अजनी ३ किलोमीटर, तेवढ्यात माझी एक ओळ होते. गाडी सिग्नलला थांबली तर दोन.

लोकरवेडी | ११ डिसेंबर, सकाळी १०:१०

केबलची सुई नसेल तर मी केसांचा आकडा वापरते. एकदा गडबडीत तोच केसांत खोचला आणि तीन टाके अधांतरी.

उलटसुलट | ११ डिसेंबर, दुपारी १:२५

मावशींची पद्धत बरोबर आहे, पण ४२ ओळींची शिडी नवशिक्याला देणं मला पटत नाही. खाली दहा-पंधरा ओळी असत्या तर मीही तेच सांगितलं असतं. इतक्या उंच पट्टीत धाग्यांचा ताण सारखा राहत नाही. शेवटी एक केबल शेजारच्या दोघींपेक्षा वेगळी दिसते, म्हणजे एक पीळ लपवायला सहा पीळ उघडे पाडले.

मी कात्री वापरतो.

चुकलेल्या पिळात तीन टाक्यांची जी पट्टी वर आलीय, तिच्या मधल्या टाक्याचा फक्त एक धागा कापायचा. तेवढी एक ओळ दोन्ही बाजूंना हळूच उकलायची. खाली तीन घरं (टाक्यांचे फास) मोकळी, वर तीन मोकळी, सगळी पिनांवर धरायची. मग ही पट्टी दुसरीच्या मागून न्यायची आणि त्याच लोकरीचा हातभर तुकडा सुईत ओवून वरची-खालची घरं टाक्याच्या वळणाने सांधायची. टोकं मागे लपवायची. अर्ध्या तासात काम होतं, बाकीच्या ४२ ओळींना हात लागत नाही. स्वेटर बंद करून शिवून झालेला असला तरी हे करता येतं. मावशींची शिडी तेव्हा उपयोगाची नाही, कारण सोडायला वर टाकेच मोकळे नसतात.

लोकरवेडी | ११ डिसेंबर, दुपारी १:३१

कात्री??? हातात घेतानाच मला घाम फुटेल.

विणूमावशी | ११ डिसेंबर, दुपारी ३:००

उलटसुलट, तुमचं तंत्र खरं आहे आणि मी ते करणाऱ्यांचे हातही पाहिलेत. पण ज्या मुलीने आयुष्यात कधी टाके सांधले नाहीत तिला पहिला धडा कात्रीने द्यायचा? शिडीत चूक झाली तर पुन्हा शिडी करता येते. कापलेला धागा पुन्हा अख्खा होत नाही.

ताणाचं म्हणता ते मान्य. वेगळी दिसते, पण धुतल्यावर बरीच बसते.

उलटसुलट | ११ डिसेंबर, दुपारी ३:२०

शुद्ध लोकर असेल तर बसते. ही निम्मी ॲक्रिलिक आहे, तिला पाण्याचा फारसा फरक पडत नाही.

विणूमावशी | ११ डिसेंबर, दुपारी ३:३४

निम्मी तर बसेल!

गुंडाळी, यावरून आठवलं. कुणाचंही ऐकून त्यावर इस्त्री टेकवू नकोस. ॲक्रिलिक तापलं की चपटं आणि लोळागोळा होतं, केबलचा उठाव गेला तो गेला, परत येत नाही. फार तर वरून दोन बोटं अंतर ठेवून वाफेचा हलका हात फिरव.

रेघोट्या | ११ डिसेंबर, सायंकाळी ६:४५

अवांतर: केबलचे स्वेटर मूळचे आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या अरान बेटांचे ना? तिथे प्रत्येक कोळी घराण्याची वीण वेगळी असायची, म्हणजे बुडालेला माणूस किनाऱ्याला लागला की स्वेटरवरून ओळखता यायचा. किती हृदयद्रावक.

उलटसुलट | ११ डिसेंबर, सायंकाळी ७:०५

ही दंतकथा आहे. घराण्यागणिक वीण वगैरे काही नव्हतं, आपण बघतो तसे अरान स्वेटर विसाव्या शतकातच रूढ झाले. गोष्टीचं मूळ सिंज या आयरिश नाटककाराच्या १९०४ च्या एकांकिकेत आहे असं मानतात. त्यात बुडालेल्या भावाला बहीण ओळखते खरी, पण स्वेटरवरून नाही, मोज्यावरून. तिनेच विणलेला मोजा, साठ टाके घातलेले, त्यातले चार गळालेले. ते मोजून तिला कळतं.

तर्रीबाज | ११ डिसेंबर, सायंकाळी ७:११

पाहा! चूक होती म्हणून ओळखू आला नं? मी काय म्हणून राहिलो होतो? राहू द्या तो पीळ.

गुंडाळी | ११ डिसेंबर, सायंकाळी ७:२०

माझे सासरे फुटाळा तलावावर सकाळी फिरायला जातात, ते पण काठाकाठाने. बुडालेल्यांची उदाहरणं नकोत हो!

आकडेमोड | ११ डिसेंबर, रात्री ९:००

मला विणता येत नाही, बायको विणते, मी धागा वाचतोय. एक शंका. चुकलेला पीळ तिसरा. त्याच्या वर ४२ ओळी आणि नुकताच आठवा पीळ घातला, असं तुम्ही म्हणता. तिसऱ्यापासून आठव्यापर्यंत पाच अंतरं, दर आठव्या ओळीला पीळ, म्हणजे ४० ओळी व्हायला हव्यात. वरच्या दोन कुठून आल्या?

दुसरं, थंडोबा यांचा हिशोबही चुकलाय. चुकलेली ओळ स्वतःसुद्धा पुन्हा विणायची आहे, म्हणजे ४३ × ६ = २५८.

थंडोबा | ११ डिसेंबर, रात्री ९:०४

शुभेच्छा पुन्हा देतो, सहा टाक्यांच्या.

गुंडाळी | ११ डिसेंबर, रात्री १०:३०

आकडेमोड, तुमचं वाईट व्हावं असं मी म्हणणार नाही, पण जेवण गेलं नाही मला. मोजलं. चौथ्या आणि पाचव्या पिळाच्या मध्ये १० ओळी आहेत. तिन्ही केबलमध्ये.

विणूमावशी | ११ डिसेंबर, रात्री १०:४४

तिन्हीत असेल तर कुणाच्या बापाला कळत नाही, ते सोड. पण तुझ्या लक्षात आलं का, या माणसाने तुला वाचवलं? शिडी विणताना तू डोळे मिटून दर आठव्या ओळीला पीळ घातला असतास, तर चौथ्याच्या पुढे मधली केबल शेजारणींपेक्षा दोन ओळी खाली सरकली असती आणि वर दोन धागे उरले असते. आता चौथ्या-पाचव्यात मुद्दाम दहाच ठेव.

आणि पुढच्या वेळी ओळी मोजायच्या असतील तर पिळाच्या बाजूला जी फट पडते तिच्यात बोट घालून ताण. आतमध्ये आडवे धागे दिसतात, जितके धागे तितक्या ओळी. कुकरवर भरवसा ठेवायला नको.

निवांत_मी | १२ डिसेंबर, सकाळी ८:१५

माझा प्रॉब्लेम वेगळा आहे. मी अमेरिकन व्हिडिओ बघून विणते, सुई ८ नंबरचीच घेते, तरी माझं सगळं घट्ट आणि लहान होतं. पीळ घालताना तर सुईच वाकते.

अजनी_पॅसेंजर | १२ डिसेंबर, सकाळी ८:४०

त्यांचा ८ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर. आपल्याकडे जुनी इंग्लिश पद्धत, आपला ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर. आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक, त्यांच्याकडे जाड. नंबर सोडा, मिलिमीटर बघा. शिवाय केबलमुळे कापड आकसतं, म्हणून साध्या विणीच्या मापाने टाके घातलेत तरी कमीच पडणार. मी बॉर्डर संपली की दर केबलमागे दोन टाके वाढवतो.

निवांत_मी | १२ डिसेंबर, सकाळी ८:५५

दोन वर्षं! दोन वर्षं मी स्वतःच्या हाताला दोष देत होते. धन्यवाद काका. वाखूसा (वाचनखूण साठवली).

लोकरवेडी | १२ डिसेंबर, सकाळी ११:००

पुढे ठेवायचे की मागे, हे कुणी लक्षात कसं ठेवतं? मी दरवेळी कागद बघते. मध्यंतरी एक अख्खी टोपी आरशातल्यासारखी झाली, कारण आलेख मी पुस्तकासारखा डावीकडून वाचला. समोरच्या ओळी उजवीकडून वाचायच्या असतात हे नंतर कळलं.

विणूमावशी | १२ डिसेंबर, सकाळी ११:२०

पुडा-माऊ. पुढे ठेवलं की डावीकडे, मागे ठेवलं की उजवीकडे. माझ्या नातीने बनवलंय.

थंडोबा | १२ डिसेंबर, सकाळी ११:२३

आजपासून आयुष्यात दुसरं काही लक्षात राहणार नाही.

शेवंती | १२ डिसेंबर, दुपारी ४:१०

हे सगळं वाचून आई डोळ्यांसमोर आली. आमच्या महाल भागातल्या घरात नवी लोकर फारशी यायचीच नाही. थोरल्या भावाचा स्वेटर आखूड झाला की आई तो उसवायची. मी समोर बसून गुंडा करायचे. उसवलेली लोकर शेवयांसारखी कुरळी असते. ती खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करायची, चार ठिकाणी बांधायची, कोमट पाण्यात बुचकळून दांडीवर टांगायची आणि खाली पाण्याने भरलेला तांब्या लटकवायचा. वाळली की सरळ. मग त्यातून धाकट्याचा. त्यातून उरलेल्याची माझी टोपी. उसवणं म्हणजे काही वाया गेलं असं आमच्याकडे कुणाला वाटायचंच नाही, तो विणण्याचाच भाग होता.

आता तिबेटी लोकांकडून स्वेटर घेतो आणि दोन हिवाळ्यांत देऊन टाकतो. मीही तेच करते, दुसऱ्याला काय बोलू.

तर्रीबाज | १२ डिसेंबर, दुपारी ४:३०

ताई, २०१८ चा डिसेंबर आठवतो? २९ तारखेले पारा ३.५ वर गेला होता. मी आजीचा चाळीस वर्षं जुना स्वेटर काढला ट्रंकेतून. डांबरगोळीचा वास, पण काय ऊब! त्यात किती चुका होत्या देव जाणे, त्या थंडीत कोण मोजते.

गुंडाळी | १५ डिसेंबर, रात्री ११:५०

ताजी खबर. आधी वीस टाक्यांचा नमुना विणला, त्यात मुद्दाम उलटा पीळ घातला आणि शिडी करून दुरुस्त केला. मग धीर आला. काल खऱ्या स्वेटरला हात घातला. लाइफलाइन, रबर, टाचण्या, कबाबच्या काड्या, सगळं मांडलं. सहा टाके सोडताना मी श्वास रोखला होता. तेवढ्यात सासरे चहा मागायला आले. त्यांना सांगितलंय की माझ्या काकांसाठी विणतेय. ते उशीकडे बघून म्हणाले, "कुणाचा का असेना, गळा लहान वाटतोय." गळा अजून सुरूच झालेला नाही.

रात्री साडेअकराला वर पोचले आणि बघते तर मागे एक धागा लोंबतोय. मध्येच कुठेतरी एक पायरी गाळली. आज पुन्हा सोडले, पुन्हा विणले. आता प्रत्येक धागा विणला की कागदावर रेघ मारत होते. ४३ रेघा. चौथ्या-पाचव्यात दहा ठेवले.

पीळ सरळ झाला!! केबल थोडी सुजल्यासारखी दिसते, क्रोशाच्या सुईने सैल धागे सरकवतेय.

विणूमावशी | १६ डिसेंबर, सकाळी ६:३०

शाब्बास. सूज उतरेल. आज बघू नकोस, चार दिवसांनी बघ.

उलटसुलट | १६ डिसेंबर, सकाळी ९:१५

अभिनंदन, मनापासून. दोनदा ४३ ओळी. कात्रीने अर्धा तास लागला असता, एवढंच नम्रपणे नोंदवतो.

निवांत_मी | १६ डिसेंबर, दुपारी १२:००

दोन केबलच्या मधल्या उलट टाक्यांत माझा एकच टाका चुकून सुलट झालाय, सात ओळी खाली. त्याला पण ही शिडी?

अजनी_पॅसेंजर | १६ डिसेंबर, दुपारी १२:२५

नाही हो. तो एकच टाका सोडा, सात घरं खाली उतरवा, स्वेटर उलटा करा आणि मागच्या बाजूने क्रोशाच्या सुईने एकेक धागा ओढत वर आणा. मागून सुलट म्हणजे समोरून उलट. पाच मिनिटांचं काम आहे.

गुंडाळी | १५ जानेवारी, सकाळी ८:०५

काल संक्रांत झाली, ७५ दिवे ओवाळले, तिळगूळ झाला, स्वेटर दिला. सासऱ्यांनी बराच वेळ हातात धरला, केबलवरून बोट फिरवलं, म्हणाले, "म्हणजे काका मीच." गळा व्यवस्थित बसला.

आज सकाळी फिरायला जाताना घातला. त्यावर जॅकेट घातलं. चेन गळ्यापर्यंत लावली.

तर्रीबाज | १५ जानेवारी, सकाळी ८:०९

मी काही बोलून राहिलो नाही.

विणूमावशी | १५ जानेवारी, सकाळी ८:३०

घरी आल्यावर जॅकेट काढतील ना. फोटो टाक.

आकडेमोड | १५ जानेवारी, सकाळी ९:००

अभिनंदन. फोटोत चौथा-पाचवा पीळ नीट दिसेल असा घ्या, बायकोला दाखवायचे आहेत.